भासऱ्यांचं बेट

पाणी चिंगीच्या गुडघ्याला लागलं तेव्हा माझ्या भासऱ्यांनी खिशातून घड्याळ काढलं, त्यात नीट पाहिलं आणि वाळूवर रांगेत उभ्या केलेल्या सात पोरांना सांगितलं, “कोणी हलायचं नाही. भरती आहे ही. सहा तासांनी आपोआप उतरते.”

आम्ही उभे होतो ते कन्हान नदीच्या मधोमध, कामठीजवळ. तिथून कोणत्याही दिशेनं निघालं तरी समुद्र शेकडो कोस. एवढ्या लांबून भरती ओढून आणील असा माणूस साऱ्या मध्यप्रांतात एकच होता, आणि तो माझ्याच नशिबी भासरा म्हणून आला होता.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. समोरून जायचं ते डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून. मला काही सांगायचं असलं तर मी पोरांना सांगायचं, पोरांनी त्यांना. बारा वर्षं एका घरात राहून आमचं एकमेकांशी एक वाक्य झालं नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर ते भिंतीवरच्या खुंटीला सांगत, आणि मी खुंटीच्या वतीनं मीठ नेऊन ठेवी. ही रीत ज्यानं काढली त्याचं घर नदीकाठी नसावं.

ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. बायको लवकर गेली, मागे गोदी आणि वामन ही दोन लेकरं. दुसरं लग्न कर म्हणून सारे मागे लागले, पण त्यांनी लग्न केलं नाही, ते टाइमटेबल वाचू लागले. लोक आंघोळ करून पोथी उघडतात, हे टाइमटेबल उघडत, आणि मध्ये कोणी बोललं तर हातानं थांबवून स्टेशन पूर्ण करत. मद्रासकडची गाडी बल्लारशाला किती वाजता येते, कुठल्या फलाटावर लागते, तिथं प्यायचं पाणी कोणत्या टोकाला मिळतं, सारं तोंडपाठ. त्यांना विचारून आमच्या अर्ध्या मोहल्ल्यानं काशीप्रयाग केलं. ते स्वतः वर्ध्याच्या पुढे कधी गेले नव्हते. का म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, “वाचून झालं नं सारं! आता जाऊन काय पाहू?”

पण त्या साली गोदीचं लग्न ठरलं. पोर पंधरा वर्षांची, सासर अमरावतीचं, माणसं कडक. त्या घरच्या सुना माहेरी यायच्या त्याही सणाला, आणि सण संपायच्या आत परत. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी हीच काय ती तिची शेवटची. एका दुपारी सुपारी कातरता कातरता तिनं बापाला विचारलं, “बाबा, समुद्र कसा असते?” भासऱ्यांनी टाइमटेबल पुढून चाळलं, मागून चाळलं. त्यात समुद्र नव्हता. माणूस एवढा ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की सात पोरांना घेऊन ते रामेश्वराला जाणार. रामेश्वर हे बेट आहे, गाडी पुलावरून थेट तिथं जाते, चारी बाजूंनी वाळू आणि समुद्र. देव दिसला तर नमस्कार करू.

माझ्या सासूबाई हे ऐकून उठूनच बसल्या. “आधी काशी, मंग रामेश्वर! गंगा नेल्याशिवाय कोणी रामेश्वराले जाते काय? आणि ते दात पडायच्या वयात करायचं असते.”

“पडूनच राहिले नं आई,” भासरे म्हणाले. “या बंड्याचे दोन पडले, सुमीचा हलून राहिला.”

मग तयारी सुरू झाली. सात पोरं म्हणजे गोदी, चौदा वर्षांचा वामन, बंड्या, सुमी, चिंगी धरून माझी चार आणि नणंदेचा एक. समुद्राचं पाणी तोंडात जाईल तर सवय हवी म्हणून रोज सकाळी प्रत्येकाला चमचाभर मिठाचं पाणी. लाटांची सवय हवी म्हणून संध्याकाळी झोपाळ्यावर बसवून जोरजोरात झोके. दोघं ओकली, तर ‘लागला समुद्र’ म्हणून भासरे खूश. ओकलेलं मी पुसलं. पार्सलला लावतात तसे नंबर पोरांच्या सदऱ्यांवर शिवायला लावले, एक ते सात. वामनला नुकती मिशीची रेघ फुटलेली, तो म्हणाला, मी नंबर लावणार नाही आणि या शेंबड्यांच्या डब्यातही बसणार नाही. त्याला भासऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “तुले सामानासंगं ब्रेकव्हॅनमध्ये बुक करतो.” सामानाच्या यादीत गाद्या, कंदील, मुरंबा आणि पाटा-वरवंटा. बेटावर पाटा मिळेलच असं नाही. बरोबर आहे. आणि तो मिळाला नाही तर समुद्र थोडाच दिसणार होता!

सासूबाई बधेनात. शेवटी त्यांनी एक अट घातली. “कन्हानच्या वाळूत एक दिवस पोरं सांभाळून दाखव. धाकट्या सुनेले सोबत ने. सारे साजरे, धडधाकट परत आले, तं जा कुठं जायचं ते. नाही तं पुन्हा समुद्राचं नाव नाही काढायचं.”

म्हणून ज्येष्ठात आम्ही पॅसेंजरनं कामठीला गेलो. नदीत तेव्हा दोन बारीक धारा, मध्ये वाळूचा उंचवटा, काठाशी टरबुजांच्या वाड्या. भासऱ्यांनी त्या उंचवट्याला बेट ठरवलं आणि घोट्याइतक्या पाण्यातून आम्हाला, सामानाला आणि पाट्याला तिथं नेलं. पोरांनी वाळूचे किल्ले केले, टरबूज फोडलं, गोदी पाण्यात पाय सोडून बसली. खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत बरं वाटत होतं.

मग पाण्याचा रंग बदलला. लाल झालं, फेस आला, काड्याकचरा वाहत आला. माझं माहेर याच नदीकाठचं. काड्या आल्या की मागून नदी येते हे आमच्याकडे रांगतं पोर जाणतं. वर छिंदवाड्याकडे वळीव पडला असणार. आणि इकडे भासरे पोरांना रांगेत उभं करून भरती समजावत होते.

मी पदराआडून गोदीला म्हटलं, “गोदे, तुझ्या बाबाले सांग, नदीले भरती येत नसते. नदी आली म्हणा. पोरं काढा.”

गोदी हललीच नाही. “काकू, थोडं थांब नं,” ती हळूच म्हणाली. “बाबा म्हणून राहिले तं उतरन पाणी. आता पळालो तं आजी पाठवणार नाही.”

पोरीचं तोंड पाहून मी थांबले. ही माझी चूक. तेवढ्यात पाणी चिंगीच्या मांडीला आलं, आणि काठावरून टरबुजवाला म्हातारा ओरडला, “ओ मालक, घड्याळात काय पाहून राहिले! नदी आली, नदी!” भासरे त्याला हात करून म्हणाले, “माहीत आहे. उतरते साडेआठ वाजता.”

तेव्हा मी डोईवरचा पदर काढून कमरेला खोचला आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हाक काय मारायची तेही ठाऊक नव्हतं, बारा वर्षांत गरजच पडली नव्हती. पोरं म्हणायची तेच म्हटलं. “मोठेबाबा, ते घड्याळ ठेवा खिशात आणि पोरं उचला! बुडून राहिलो आपण!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असावं. मग सवयीनं वळून म्हणाले, “गोदे, काकूले सांग, उचलतो.”

आणि उचललं. नणंदेचा पोरगा एका खांद्यावर, चिंगी दुसऱ्यावर. पोहता फक्त वामनला येत होतं, चोरून तलावावर जाऊन शिकलेला. तो शेंबड्यांची साखळी धरून पुढे, मध्ये मी आणि गोदी, शेवटी भासरे. धारेत पाणी माझ्या छातीला लागलं. मागे वळून पाहिलं तर भासऱ्यांचा पाय घसरलेला. टोपी वाहून गेली, डोकं पाण्याखाली, पण दोन्ही हात वर आणि हातात दोन पोरं, कोरडी. म्हाताऱ्यानं उडी टाकून त्यांना मानगुटीला धरून ओढलं. वर आल्या आल्या खोकत खोकत ते नंबर पुकारू लागले. सातही बोलले.

परतताना गाडीत गोदीनं पोरांचे केस पुसले, कपडे पिळले आणि सगळ्यांना पढवलं, आजीनं विचारलं तर आंघोळ केली म्हणायचं. मीही गप्प बसणार होते. पोरीनं समुद्र पाहावा असं मलाही वाटत होतं.

सासूबाई ओसरीवरच बसल्या होत्या. एकेकाला हात लावून पाहिलं. “सारे आले. साजरे आले. जा मंग तुमच्या त्या बेटावर.”

गोदीनं माझा हात घट्ट धरला. भासरे बोडक्यानंच उभे होते. म्हणाले, “आई, आले. पण माझ्यानं नाही आले. या धाकटीनं आणले. मी तं बुडवलेच होते.” आणि आत गेले.

झालं. समुद्राचं नाव संपलं. गोदी चार दिवस बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनंच त्यांचा चहा नेला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. लग्नानंतर तिला पोचवायला आम्ही स्टेशनावर गेलो, तर भासरे खिडकीशी उभे राहून सांगत होते, बडनेऱ्याला गाडी बदल, सामान आधी उतरव, घाई करू नको, तिथं वेळ असते. गाडी हलली तरी सांगतच राहिले. माझ्याशी ते त्यानंतर कधी बोलले नाहीत. खुंटी होतीच.

पुढे अकरा वर्षं जगले. समुद्र त्यांनी पाहिला नाही, गोदीनं पाहिला नाही, मीही नाही. कन्हानमधून मात्र आम्ही नऊही जण जिवंत बाहेर आलो. भासरे, गोदी, वामन, माझी चार, नणंदेचा एक आणि मी.