थांबलेली गाडी

काल आमच्या चौकात पांढऱ्या पट्ट्यांपाशी एक गाडी माझ्यासाठी थांबली आणि मी जागीच उभी राहिले.

अशीच एक गाडी जर्मनीत थांबली होती, कॉलेजच्या अभ्यासदौऱ्याच्या पहिल्याच सकाळी. आतल्या आजोबांनी मला हाताने खुणावलं, जा. माझे पाय हलेनात. मी निघाले आणि यांनी गाडी सोडली तर? मी उलट त्यांनाच खुणावलं, तुम्ही जा. ते चिडले नाहीत, नुसते थांबून राहिले. शेवटी मी धावत सुटले. पलीकडे पोचून वळून पाहिलं, तेव्हा कुठे ती गाडी निघाली. आजवर रस्त्यात आपल्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

तीन आठवड्यांत मी पट्ट्यांवरून सावकाश चालायला शिकले. परतल्यावर इथेही तशीच रस्त्यात उतरले. दादाने दंड धरून मागे ओढलं. "मरायचंय का तुला?" नाकासमोरून टेम्पो सुसाट गेला. तेव्हापासून मी पुन्हा जीव मुठीत धरून पळतच रस्ता ओलांडते.

काल त्या गाडीतल्या बाई काच खाली करून म्हणाल्या, "अगं, जा ना!" तेव्हा मी पाहिलं, माझाच हात त्यांना पुढे जायला सांगत होता. टेम्पोची भीती मी समजू शकते. आता मला, कुणी थांबलं तरी आपणहून वाट सोडून देणाऱ्या या हाताची भीती वाटते.