चार बोटं कापड

शिंप्याच्या टेबलाखाली चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात. चिंध्या झाडून टाकता येतात. गोल बाजारात चाळीस वर्षं घागरे शिवतो आहे. सध्या टेबलावर माझ्या मुलीचा, वैशालीचा, लेहंगा आहे. ती आजारी आहे. म्हणून हे आठवतं.

* * *

पूर्वी सगळे घागरे नाड्याचे. बुढापारा मोहल्ल्यातल्या एक बाई लग्नाचा घागरा पंचवीस वर्षांनी घेऊन आल्या. "मास्टर, कंबर बघा जरा." मी नुसता लांब नाडा घातला.

त्या गेल्यावर तुरपाई करणारी गोदाबाई म्हणाली, "नाडा गुणाचा. बाई दुप्पट झाली तरी कोणाले सांगत नाही."

* * *

मग चेन आली, घेर फुगवणारं जाळीचं कॅनकॅन आलं, पायाला चिकटणारा फिशकट आला. भनपुरीच्या एका नवरीला म्हणालो, गुडघ्याखाली घेर ठेव.

"नहीं अंकल, फोटो में फिटिंग दिखनी चाहिए."

लग्नात तिला स्टेजची पायरी चढता येईना. दोन भावांनी उचलून वर ठेवली. फोटो नेमका तोच निघाला, उचलतानाचा.

* * *

वैशालीनेही लग्नाला चेनच मागितली. मी नाडा म्हणालो.

"बाबा, मले काय आजीबाई समजता?"

चेन लावली. पण आमच्या वडिलांची रीत आहे. शिवणीच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं. लेकरं होतात, अंग भरतं, तेव्हा उसवून वाढवता येतं. रेडिमेडवाले ठेवत नाहीत.

तिने आत बोट घालून पाहिलं. "काहून एवढं? मी हत्ती होणार हाय का?"

"होशील," मी म्हणालो. गोदाबाई खूप हसली.

* * *

दोन वर्षांनी दिराच्या लग्नासाठी ती तोच लेहंगा घेऊन आली. वाढवायचा असेल म्हणून मी उसवायला कात्री घेतली.

"सैल होते, बाबा. आत घ्या."

पिशवीत दवाखान्याची फाइल होती. दोन बोटं आत घेतली. दिवाळीला आणखी दोन.

* * *

परवा पुन्हा आली. शनिवारी माझ्या मुलाचं, तिच्या भावाचं, लग्न आहे.

माप मी मोठ्याने सांगतो, गोदाबाई वहीत लिहिते. या वेळी वही ओढून आकडा मीच लिहिला.

आतल्या कापडाची जाड घडी झाली होती. म्हणालो, "हे टोचेल तुला. कापून टाकतो."

वैशालीने लेहंगा माझ्या हातातून घेतला. घडीवरून बोट फिरवलं.

"नाडा लावा, बाबा. पण कापड कापू नका. मले अजून हत्ती व्हायचं हाय."