हूं म्हणणारी बाई

दुर्गाताई मंगळवेढेकर यांना गप्प बसता येत नाही, हे त्यांच्या माहेरी, सासरी आणि रोजच्या सिटी बसमधल्या कंडक्टरला सारखंच ठाऊक आहे. अशा बाईला संग्रहालयाने माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या कामावर नेमलं, याला कोणी चूक म्हणेल, कोणी दैव म्हणेल. खरं तर नेमलं कोणीच नव्हतं. ताई तिथे ऑफिसात टपालाची आवक-जावक बघायच्या. एकदा रेकॉर्डिंगला जाणारा माणूस आजारी पडला, गाडी दारात उभी, आणि "मी जाते की, त्यात काय एवढं," असं म्हणत ताई पर्स उचलून गाडीत जाऊन बसल्या. त्या बसल्या त्या बसल्याच.

सोलापुरातल्या या संग्रहालयात मागच्या बाजूला दोन खोल्या आहेत. एका खोलीत माणसांचे आवाज साठवलेत. बंद पडलेल्या गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, यंत्रमागाच्या खडखडाटात तेलुगूतून एकमेकींना हाका मारणाऱ्या बायका, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे उभे करणारे, कडक भाकरीवर संसार ओढलेल्या आजीबाई. दुसऱ्या खोलीत आहेत निसर्गाच्या चित्रफिती. माळढोक, काळवीट, लांडगे, हिप्परग्याच्या तलावावर थंडीत उतरणारे पाहुणे पक्षी. पहिली खोली दुर्गाताईंची, दुसरी अवधूतची. अवधूत कॅमेरा चालवतो. माळावर कापडी आडोसा करून दिवसच्या दिवस तोंडातून शब्द न काढता बसतो, आणि शहरात आल्यावरही ती सवय मोडत नाही.

ताईंच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगणाऱ्याइतक्याच ताईही ऐकू येतात. "हूं", "अगं बाई!", "मग हो?", "कमालच झाली!" गिरणी बंद झाली त्या दिवसाबद्दल बोलताना एका म्हाताऱ्या जॉबरला रडू कोसळतं, तिथे त्याच्यापेक्षा ताईंचंच रडणं मोठं आहे. एकदा हट्टाने त्या अवधूतबरोबर माळावर गेल्या. पहाटेपासून दोघं आडोशात दबून बसलेले. ऊन वर आलं, बिळातून लांडगीण बाहेर आली, मागोमाग पिल्लं आली, अवधूतचा श्वास अडकला, आणि शेजारून आवाज आला, "अगं बाई, चार चार!" लांडगिणीने कॅमेऱ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि ती पिल्लांसकट दिसेनाशी झाली. त्यानंतर कित्येक दिवस अवधूत ताईंशी बोलला नाही. पण तो एरवीही बोलत नसल्यामुळे हे ताईंच्या फार उशिरा लक्षात आलं.

हे सगळं खपून जात होतं, कारण ते ऐकायला कोणी बसतच नव्हतं. मग गुरुशांत हत्तुरे संग्रहालयाचे प्रमुख म्हणून आले. माणूस भला, पण कानाचा तिखट. त्यांनी नवं दालन काढायचं ठरवलं. पडद्यावर अवधूतची लांडग्याची फिल्म, समोर बाक, आणि लांडग्यांच्या शेजारात जन्म काढलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज. आवाज निवडायला ते ताईंच्या खोलीत हेडफोन लावून बसले, आणि थोड्याच वेळात त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला.

"ताई, यात सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, तेच कळंना गेलंय."

"अहो, माणूस बोलायला लागलं की आपण काही म्हणायला नको का?"

"नको. मान हलवा. डोळ्यांनी बोला. पण आवाज नको." साहेबांनी मग हळूच, पण स्पष्ट सांगितलं. मंद्रूपच्या रंभाबाईंकडे लांडगिणीची एक जुनी हकीकत आहे असं कळलंय. त्यांचं रेकॉर्डिंग ताईंनी करावं. त्यात ताईंचा आवाज आला, तर बाहेरचं काम पुण्याहून शिकून आलेल्या नव्या मुलीकडे जाईल आणि ताई पुन्हा आवक-जावककडे.

हे काम ताईंना जीव की प्राण होतं. घरी वेणीमाधवराव, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त होऊन वर्तमानपत्रामागे कायमचे राहायला गेलेले. "भाजीवाला आज भेटला होता," म्हटलं की पेपरामागून "हूं." "भाजी करपली," म्हटलं तरी "हूं." "मी निघाले काशीला," "हूं." अशा घरातून उठून एखाद्याच्या ओसरीवर जावं आणि त्या अनोळखी माणसाने आपला अख्खा जन्म आपल्यापुढे उलगडून ठेवावा, याच्यासारखं सुख ताईंना दुसरं ठाऊक नव्हतं. आणि आता त्यांच्या जिभेपायी ते जाणार होतं.

त्यांनी अवधूतला गाठलं. "बाबा रे, गप्प कसं बसतात ते मला शिकव."

अवधूत बराच विचार करून म्हणाला, "तोंडात पाणी धरा."

ताईंनी घरी सराव सुरू केला. सकाळी चहा झाला की घोटभर पाणी तोंडात धरून त्या खुर्चीवर बसायच्या. पहिल्या दिवशी वेणीमाधवरावांनी पेपर खाली केला. दुसऱ्या दिवशी चष्मा काढला. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताईंच्या कपाळाला हात लावून बघितलं आणि विचारलं, "अगं, काही होतंय का तुला? डॉक्टरकडे जाऊ या का?" ताईंना इतकं हसू आलं की सगळं पाणी पेपरावर. पण सराव झाला. मंद्रूपला निघाल्या त्या दिवशी ताई गाडीतही एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि अवधूतला तो रस्ता पहिल्यांदाच लांब वाटला.

रंभाबाई ओसरीवर पोत्यावर बसल्या होत्या. मोतीबिंदू उतरून दोन्ही डोळे पांढुरके झालेले, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं, पण गाडीच्या आवाजावरून "सोलापूरची आली," हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. ताईंनी नाव सांगितलं, कशासाठी आलोय ते सांगितलं, अवधूतने रेकॉर्डर चालू केला. "सांगा आजी, लांडगिणीचं," एवढं म्हणून ताईंनी ओठ असे मिटले की सुई जाणार नाही.

"आमच्या रानात, वड्याच्या कडंला, लांडगीन व्याली हुती," रंभाबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

ताईंनी मान हलवली.

"व्याली हुती म्हणलं."

ताईंनी जोरजोरात मान हलवली. भुवया वर केल्या, डोळे मोठे केले, साहेबांनी सांगितलं होतं तसं डोळ्यांनी अगदी भडाभडा बोलल्या.

रंभाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आत तोंड करून हाक मारली, "अगं ए, ती बाई गेली का गं?"

"न्हाय की आत्या, बसलीया की म्होरं," सून आतून म्हणाली.

"मग डोळा लागला आसंल. लांबनं आलीया. उशी दे तिला."

आणि सून खरोखरच उशी घेऊन आली. ताई उशी मांडीवर घेऊन हातवारे करायला लागल्या, अवधूतने खालचा ओठ दातांत धरला.

"आगं, मी बोलायले ते ऐकायलंय तरी कोन?" रंभाबाईंचा आवाज आता चढला. "आमच्यात हूं म्हणाय कुनी नसलं तर गोष्ट सांगत न्हाईत. भितीला सांगू व्हय? आमची आजी म्हणायची, हूं न्हाय मिळाला तर गोष्ट वाट चुकती, माघारी येत न्हाय."

आता कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. दिसतं त्या माणसापुढे मान हलवून चालतं. या बाईला हूं हीच एक खूण होती, आणि नेमकी तीच त्या दाबून धरून बसल्या होत्या. त्यांनी घाईघाईने अवधूतला खुणावलं, तू म्हण, तू! आवाज माझा नको, एवढंच तर साहेब म्हणालेत.

"हूं," अवधूत म्हणाला.

रंभाबाईंनी गोष्ट पुन्हा धरली. "त्या लांडगीनीनं आमचं कोकरू नेलं."

"हूं."

"माजा बा लई चिडला."

"हूं." अवधूतचं सगळं लक्ष रेकॉर्डरवरच्या आवाजाच्या काट्यावर होतं.

"आन मग माजा बा आभाळात उडून ग्येला."

"हूं."

"बघा!" रंभाबाईंनी मांडीवर थाप मारली. "ह्यो बाप्या ऐकत न्हाय. ह्येचा हूं खोटा हाय. ऱ्हाऊ द्या आता, च्या घ्या आन जावा."

तो हूं ताईंच्या चांगल्या ओळखीचा होता, त्यांच्या घरी पेपरामागून रोज येणारा. रंभाबाई भिंतीला हात लावून उठायला लागल्या. ताईंच्या डोळ्यांपुढे आवक-जावकचं ते टेबल, तो गोंद, ते टपालाचे शिक्के उभे राहिले. पण समोर म्हातारी उठून चालली होती, आणि ती आत गेली की गोष्टही तिच्याबरोबर आत जाणार होती.

"हूं," ताई म्हणाल्या. "मग आजी? तुमच्या वडिलांनी काय केलं?"

रंभाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "आली जागी! मग काय करतूया? खांद्यावर कुऱ्हाड टाकली. म्हणला, पिलासकट खलास करतो तिला."

"अगं बाई!"

"तर माजी आजी वाटंत आडवी झाली. म्हणली, आरं, ती बाळंतीन हाय. बाळंतिनीच्या दारात कुऱ्हाड घिऊन जात्यात व्हय रं?"

"बरोबर आहे की! मग?"

"बा माघारी फिरला. पुढं दरसाली ती त्याच वड्याला व्याली, पर आमच्या कदी एका शेरडाला तोंड लावलं न्हाय. शेजारच्या चनबसप्पाची मातर दोन नेली."

"ते का हो?"

"त्येच्या घरात म्हातारं मानूस न्हवतं न्हवं!"

ताई खदखदून हसल्या, रंभाबाई हसल्या, आत सून हसली. मग गोष्टीतून गोष्ट निघत गेली. लांडगिणीतून ओढा निघाला, ओढ्यातून रंभाबाईंचं लग्न, लग्नातून सासूचा हट्ट. चहा दोनदा झाला. ताईंनी मनमुराद हूं म्हटलं.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "अवधूत, मशीनवर माझा आवाज पुसता येतो का रे?"

संग्रहालयात पोचल्यावर अवधूतने ते करून दाखवलं. ताईंचा एकेक हूं, एकेक अगं बाई त्याने वेचून काढलं. ताई ऐकायला बसल्या. रंभाबाई सांगत होत्या, थांबत होत्या, आणि पुढे काहीच येत नव्हतं. "कळलं न्हवं?" त्या विचारत, आणि उत्तर नाही. "आगं, ऐकायलीस न्हवं?" आणि पुन्हा शांतता. कुणीच नसलेल्या घरात एक म्हातारी एकटीच बडबडते आहे, असं ते वाटत होतं. ताईंना ते ऐकवेना.

"हे नको," त्या म्हणाल्या. "साहेबांना आहे तसंच ऐकव. आवक-जावक तर आवक-जावक. गोंद काय, सुटतो धुतला की."

दुसऱ्या दिवशी हत्तुरे साहेब ऐकायला बसले. ताई दाराशी उभ्या, हात पदरात. पहिला हूं आला तसं साहेबांनी कपाळाला आठी घातली. दुसरा आला, तिसरा आला. बापाने कुऱ्हाड उचलली. आजी वाटेत आडवी झाली. रंभाबाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि ताईंचा रेकॉर्डमधला हूं यायच्या आधी खोलीतच कोणीतरी म्हणालं, "हूं."

अवधूतने चमकून पाहिलं. ताईंनी पाहिलं. साहेबांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

मग ते हसायला लागले. "आमच्या घरी कन्नड," ते म्हणाले. "आज्जी अक्कलकोटची. गोष्ट सगळी कन्नडात, पण हूं हाच. एकानं हूं म्हटलं नाही तर सगळ्यांचीच गोष्ट बंद. ते कसं विसरलो मी, कोण जाणे." त्यांनी उरलेलं सगळं ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवला. "हे असंच राहू द्या. बाहेरचं काम तुमचंच. त्या नव्या मुलीलाही बरोबर नेत जा, शिकू दे. फक्त ताई, ते 'अगं बाई' जरा कमी करता येईल का?"

"हूं," ताई म्हणाल्या. तो अगदी वेणीमाधवरावांसारखा निघाला.

दालन उघडलं त्या दिवशी ताईंनी गाडी पाठवून रंभाबाईंना आणवलं. इरकली लुगडं नेसून, सुनेचा हात धरून त्या आल्या आणि पहिल्या बाकावर ताईंच्या शेजारी बसल्या. दिवे मंद झाले. पडद्यावर माळ उजळला. रंभाबाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं. लांडगीण बिळातून बाहेर आली, मागोमाग पिल्लं आली, आणि ज्या जागी अवधूतने इतके दिवस आवाज बंद करून ठेवला होता, तिथे मोठ्याने ऐकू आलं, "अगं बाई, चार चार!"

"चार हायती व्हय?" रंभाबाई खूश होऊन म्हणाल्या.

ताईंनी मागे वळून अवधूतकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

मग रंभाबाईंचा आवाज सुरू झाला. स्वतःचा आवाज त्या मान वाकडी करून ऐकत राहिल्या. प्रत्येक थांब्यावर ताईंचा हूं येत होता आणि रंभाबाई दर वेळी समाधानाने डोकं हलवत होत्या. चनबसप्पाच्या शेरडांवर सगळं दालन हसलं. रंभाबाईंनी अंधारात चाचपून ताईंचा हात शोधला.

"म्या उद्या न्हाय ऱ्हायले," त्या म्हणाल्या, "तरी तू हितं मला हूं म्हणत ऱ्हाशील की गं."

दुर्गाताईंना काहीतरी म्हणायचं होतं. पण जन्मात पहिल्यांदा, तोंडात पाणी नसतानाही त्यांना बोलता आलं नाही. त्यांनी नुसतीच मान हलवली.

रंभाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांचा हात जरा ओढला.

"ऐकायलीस न्हवं?"

"हूं," ताई म्हणाल्या.