न पाहिलेला भाग

डर्बनच्या दमट हवेत लाकडाला भुंगेरा कधी लागेल याचा नेम नाही. म्हणून छताचे वासे निरोगी असल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय घर घेणारा पुढे सरकत नाही, आणि मॉन्टक्लेअर भागात दाखला म्हणजे गुमेडेबाबांचा. एकतीस वर्षं झिबोनेले गुमेडे लोकांच्या माळ्यांवर पोटावर सरपटत आले होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वासा ठोकायचा, आवाज ऐकायचा, शंका आली तर टोक खुपसून बघायचं. दाखल्यावर खाली एक रकाना असे, 'न पाहिलेला भाग'. त्यात बाबा दर वेळी वळणदार अक्षरात 'काही नाही' असं लिहीत. ते लिहिताना त्यांची मान जरा ताठ होई, आणि का होऊ नये?

त्यांचा एक नियम होता. सही होईपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागायची माणसाला खोड असते, तेव्हा मीठच नको, असं त्यांचं म्हणणं. बायको चिडवायची, की बाहेर मिठाला शिवत नाही तो माणूस माझ्या ताटात मात्र वरून मीठ मागतो.

हा नियम मोडला तो कोगी आंटीच्या घरी. कोगिलम गोविंदसामी ही सत्तरी ओलांडलेली विधवा अडतीस वर्षांचा संसार आवरून दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायला निघाली होती. बाबा शिडी घेऊन आले तेव्हा सगळी भांडी खोक्यांत गेली होती, चुलीवर एक कढई तेवढी राहिली होती. आंटी म्हणाली, "गुमेडे, या चुलीवरचा हा शेवटचा घाणा. तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाला वाढू?" तळहाताएवढे खिम्याचे समोसे होते. बाबांना नाही म्हणवेना.

दीड महिन्याने सिस्टर थोबेकाचा फोन आला. ते घर तिने घेतलं होतं. दवाखान्यातल्या नोकरीची वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायला मिळालेलं पहिलं घर. आणि तिच्या उशीवर रोज सकाळी लाकडाचं पीठ पडत होतं. तिने बाबांना बोलावलं, आंटीलाही बोलावलं.

बाबा पोचले तोवर व्हरांड्यात दोघींची जुंपली होती. आंटीचा एकच हेका, सौदा फूटस्टूट्स झाला होता. आमच्याकडच्या खरेदीखतातला हा जुना शब्द. आहे तसं घर, नीट बघून घ्या, मागाहून रडायचं नाही. सिस्टर म्हणत होती की, माहीत असून लपवलं असेल तर तो शब्द चुलीत घाला. मग ती बाबांकडे वळली आणि नर्सलाच जमतो तशा शांत आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचा दाखला होता म्हणून मी डोळे मिटून सही केली. आता शेजारीण सांगते, तुम्ही आंटीकडे जेवून दाखला दिलात."

बाबांना ते फार लागलं. एकतीस वर्षांचं नाव समोशाच्या भावात गेलं होतं. त्यांनी शिडी लावली.

उत्तरेकडच्या कोपऱ्यात छप्पर इतकं खाली येतं की श्वास आत ओढून शिरावं लागतं. बाबा शिरले, स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो पावात जावा तसा वाशात गेला. खाली पिठाचे थर होते, जुन्यावर नवे, कितीतरी वर्षांचे. मागच्या खेपेला आपण कुठे थांबलो तेही धुळीत स्पष्ट दिसत होतं, दोन हात अलीकडे. त्या दिवशी पोट तुडुंब होतं. पुढचंही असंच असणार, असं मनाला सांगून ते मागे फिरले होते. आता मॉन्टक्लेअरमध्ये शिडी लावायला आपल्याला तोंड उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

खाली आंटी शिडी धरून उभी होती. तिने हळूच सुटकेची वाट काढून दिली. "सांगून टाका ना, भुंगेरे मागाहून आले. कोण जातंय वर बघायला?"

खरंच कोणी गेलं नसतं. बाबा उतरले. "सिस्टर, कीड जुनी आहे. मी त्या कोपऱ्यापर्यंत गेलोच नव्हतो. चूक माझी."

सिस्टर आंटीकडे वळली. रोज पीठ पडत होतं, मग इतकी वर्षं हिला दिसलं कसं नाही? आंटी तरातरा आतल्या खोलीत गेली. तिने उशीकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि मटकन पलंगावर बसली. आता उशी होती नेमका तिथेच पूर्वी तिचा देव्हारा होता. पुढ्यात रोज तांदळाच्या पिठाची रांगोळी.

"अगं पोरी, मला वाटायचं, हात थरथरतो म्हणून पीठ सांडतं. किती वर्षं या हाताला शिव्या घातल्या मी."

सिस्टरने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण हसू फुटलंच. मग आंटीलाही आवरेना.

शनिवारी बाबांनी पदरचा नवा वासा आणून बसवला, आजूबाजूच्या लाकडात औषध भरलं. आंटी कढई घेऊन हजर होती, पण बाबांनी काम संपेपर्यंत तिकडे पाठ फिरवून ठेवली. सिस्टर म्हणाली, "माझ्या बहिणीचं घर विकायचंय. तुम्हीच या बाबा, पण उपाशी या." बाबांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तिच्याकडून जुना दाखला मागून घेतला, एक रकाना खोडून नव्याने लिहिला आणि कागद परत दिला. सिस्टरने मोठ्याने वाचलं.

"न पाहिलेला भाग, उत्तरेकडचा कोपरा. कारण, चार समोसे."

आंटीने कागद हातात घेतला, चष्मा चढवून नीट वाचला आणि मान हलवली.

"हाही दाखला खोटा आहे गुमेडे. सात होते. वाढले मी."

बाबांनी निमूटपणे कागद परत घेतला आणि चाराचे सात केले.