दोनशे शहाऐंशी गुणांचा सत्कार

ज्या परीक्षेत मी सपशेल आपटले, त्या परीक्षेबद्दल आमच्या गावानं माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

परीक्षा होती जीआरई. अमेरिकेत पीएचडी करायची तर तेव्हा बहुतेक ठिकाणी ती मागायचे. मी जनावरांच्या आहारात एम.एस्सी. केलेली, आणि गणिताशी माझं दहावीनंतर बोलणं बंद. ही परीक्षा संगणकावर असते, शेवटचं बटण दाबलं की गुण तिथंच समोर. मला पडले तीनशे चाळीसपैकी दोनशे शहाऐंशी. आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण या परीक्षेत मोजायला सुरुवातच दोनशे साठपासून करतात. नुसतं खुर्चीत बसून राहिलं (आणि कुणाला चावलं नाही) तरी दोनशे साठ मिळतात. म्हणजे माझी स्वतःची कमाई ऐंशीपैकी सव्वीस. आमच्या तलवाड्याच्या शाळेत एवढ्या गुणांवर वडिलांना बोलावून घ्यायचे.

वडिलांना बोलावायची वेळ आली नाही, मीच त्यांच्याकडे गेले. अण्णा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता, आणि संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती. आसपासच्या गावांतली जनावरं आणि त्यांची माणसं तिथंच मुक्कामाला होती. मी एसटीतून उतरले आणि तडक छावणी गाठली.

"किती पडले?" अण्णांनी विचारलं.

"दोनशे शहाऐंशी. तीनशे चाळीसपैकी."

अण्णा तोंडी हिशोबात पक्के. "चौऱ्याऐंशी टक्के," ते म्हणाले. "मग तोंड का पाडलंस?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. अण्णांनी हातातली चाऱ्याची पेंढी खाली ठेवली.

"कोरा पेपर दिला तरी दोनशे साठ?"

"हो."

"लई चांगली मान्सं हायत. असल्यांना सोडू नको."

आठवडा उलटायच्या आत छावणीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. 'कु. शीतल हिची अमेरिकेत पीएचडीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा, दोन वेण्यांचा. खाली संचालक मंडळाचे फोटो ओळीनं, प्रत्येक माझ्यापेक्षा मोठा, त्यातले दोघे गॉगल लावून मोबाइलवर बोलत असलेले.

"अण्णा, निवड कुठं झालीय? आत्ता कुठं अर्ज भरायला घेतलेत."

"हुईल की. फ्लेक्सवाल्याला किती डाव बोलवायचं?"

सत्कार छावणीतच झाला. समोर सतरंजीवर माणसं, त्यांच्या मागं जनावरं. (भाषणं जनावरांनी जास्त शांतपणे ऐकली.) आमचे व्हाईस चेअरमन म्हणजे बप्पा. त्यांना प्रत्येक गोष्टीची चौकशी लागते. शाल माझ्या खांद्यावर टाकता टाकता त्यांनी माइकवरच विचारलं, "पोरी, जागा किती हायत तिथं?"

"एका ठिकाणी एखाददुसरी."

"आन् अर्ज?"

"शंभरावर असतील."

दुष्काळानं जी माणसं खचली नव्हती, ती या आकड्यानं खचलेली मला दिसली. मग अण्णा उठले आणि माइक हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "मग माघारी घ्यायला लावू."

इथं आमच्या संस्थेची रीत सांगायला हवी. तिची निवडणूक कधी होतच नाही. अर्ज सगळे भरतात, पण माघारीच्या दिवशी अण्णा एकेकाला चहाला नेतात. कुणाला पुढच्या टर्मचा शब्द, कुणाला यात्रा कमिटी, एखाद्याला नुसतंच "तू आपला मानूस हायस." संध्याकाळपर्यंत सगळं बिनविरोध. जी निवड मतपेटीपर्यंत जाते ती अण्णांच्या लेखी कुणाच्या तरी आळसामुळे जाते. त्यामुळे माझ्यापुढचे शंभरजण ही त्यांना अडचण वाटलीच नाही. फक्त त्या सगळ्यांना चहाला कुठं बोलवायचं, एवढाच प्रश्न होता.

त्यानंतर नकार यायला लागले. मेल उघडला की "आम्हांस खेद वाटतो." मी छावणीत काम करायचे, जाता-येता त्या फ्लेक्सखालून जायचे आणि मान वर करायचे नाही. शेवटी एकच विद्यापीठ उरलं. तिथल्या प्राध्यापकबाईंचा मेल आला : 'तुमचे गुण चिंताजनक आहेत. पण अर्जात छावणीतल्या कामाचा उल्लेख आहे. व्हिडिओवर बोलूया.' हे हुकलं तर पुन्हा वर्षभर थांबायचं, आणि तोवर घरात माझ्या लग्नाचा विषय निघणार, हे मला पक्कं माहीत होतं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळायची आणि जनरेटर छावणीतच होता, म्हणून संध्याकाळी मुलाखत तिथंच. अण्णांना मी बजावलं होतं, "कॅमेऱ्यात यायचं न्हाई." ते लॅपटॉपच्या मागं खुर्ची टाकून बसले.

बाईंनी सुरुवातच तिथून केली. "गणितात इतके कमी गुण का?"

"मॅडम, मी... तयारी..."

"काय म्हनतीय?" लॅपटॉपमागून अण्णांचा आवाज.

"गुण कमी हायत म्हणते."

अण्णांची टोपी पडद्यावर आली, मागोमाग अण्णा. "तिला इचार, बाकीचे उमेदवार कोन कोन हायत. आन् माघारीची तारीख कधी हाय."

बाईंनी विचारलं, हे काय म्हणतात? मला खोटं सुचेना. सुचलं असतं तरी इंग्रजीत सांगता आलं नसतं. मी म्हणाले, "माझे वडील विचारतात, की बाकीच्या उमेदवारांना माघार घ्यायला लावता येईल का."

बाई पुढं वाकल्या. "ते कशाला माघार घेतील?"

मी भाषांतर केलं. अण्णांचं उत्तर तयार होतं. "त्यांना पुढच्या टर्मला घ्या म्हनावं. आमी शब्द देतो."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. संपलं, मी मनात म्हटलं. पण चष्मा पुसता पुसता त्यांचं लक्ष माझ्या मागं गेलं. "त्या गाई काय खातायत?"

"वाढं," मी म्हणाले. "उसाचे शेंडे. दुष्काळात तेवढंच मिळतं. पण नुसत्या वाढ्यानं जनावराच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो, हाडं ठिसूळ होतात, दूध आटतं."

"मग तुम्ही काय करता?"

मग मी सुटलेच. अर्ध्या जनावरांना चुन्याची निवळी पाजत होते, अर्ध्यांना नाही. दोन्हींच्या दुधात काय फरक पडला, कुठली गाय उठून उभी राहिली, कुठली नाही, सगळं सांगितलं. व्याकरणाची पार वाट लागली, क्रियापदं कुठंच्या कुठं. बाई मात्र लिहून घेत होत्या. अण्णा केव्हा मागं सरकले ते मला कळलंही नाही. लॅपटॉपची चार्जरची पिन सैल होती, ती ते दोन बोटांनी दाबून धरून बसले होते. त्यांना माझं एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहरा असा, की संस्थेला जिल्ह्याचं बक्षीस मिळालंय. मला त्या घडीला माझ्या कामाचा आणि त्या माणसाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुढं डिग्री घेतानाही वाटला नाही.

प्रवेश मिळाला. सोबत एक अट होती : पहिल्या सत्रात गणिताचा पायाभूत वर्ग करावा लागेल. म्हणजे कच्च्या पोरांची शिकवणी. मी ती अट अण्णांना चाचरत सांगितली. दुसऱ्या दिवशी ते छावणीभर सांगत फिरत होते, "आमच्या शीतलला तिकडं गणिताला खास मास्तर लावलाय. बाकीच्यांना न्हाई."

सत्र संपल्यावर मी फोन करून कळवलं की गणितात माझा पहिला नंबर आला. अण्णांनी गावभर पेढे वाटले. त्या वर्गात मी एकटीच होते, हे सांगायच्या आत रेंज गेली.