पायाळू बहिणीचा फोन

माझी धाकटी बहीण पायाळू आहे आणि मी नाही. या एका गोष्टीवरून मी आयुष्यभर जितकी जळले, तितकी कुणाच्या बंगल्यावरून किंवा नवऱ्यावरून जळले नाही. ती आईच्या पोटातून पायांकडून बाहेर आली, त्यात तिचं कर्तृत्व काय? पण आमच्याकडे पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत. त्यामुळे आभाळात नुसतं गुरगुरलं तरी धुळ्याजवळच्या आमच्या गावातल्या घरात बहिणीचा थाट सुरू व्हायचा.

आई हातातलं काम टाकून आधी तिला शोधायची. मधल्या खोलीत लाकडी पाट मांडायची, तिच्याभोवतीची पितळी भांडी दूर सारायची आणि तिला घोंगडीत गुंडाळून कुशीत घ्यायची. वीज कडाडली की आई तिचे दोन्ही पाय आपल्या पदराखाली झाकून घ्यायची. मी तेव्हा कुठे असायचे? गच्चीवर. उन्हात घातलेले ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे, मिरच्या, धुणं, सगळं गोळा करायला. थोरली मी. विजेनं अख्खं शिवार पांढरं व्हायचं आणि मी ओचाभर बिबडे घेऊन जिना उतरायचे. खाली आले की आई विचारायची, "बठ्ठा आनात ना? भिजनात तर नही?" हे बिबड्यांबद्दल असायचं.

त्यात पुन्हा पायाळूचा मान वेगळाच. कुणाच्या कमरेत उसण भरली की तो माणूस आमच्या ओट्यावर पालथा पडायचा आणि बहिणीनं त्याच्या पाठीला पाय लावायचा. बदल्यात तिला गूळ-शेंगदाणे, केळी, कधी रिबीन. एकदा ती मामाकडे गेलेली असताना शेजारच्या काकू कण्हत आल्या. मी म्हटलं, मीपण पायाळूच आहे, आई सांगत नाही एवढंच. आणि दिली एक सणसणीत लाथ. काकू म्हणाल्या, "हा, आते बरं वाटस." मी गूळ खाल्ला. दुपारी आईला कळलं तेव्हा माझ्या पाठीत धपाटा बसला, आणि संध्याकाळी काकूंची उसणही परत आली.

लग्नानंतर बहीण जवळच धुळ्यात राहिली, मी जळगावला आले. वडील गेले तसं आईला मी माझ्याकडे आणलं. चार वर्षं झाली. तिची अंघोळ, गोळ्या, मऊ भाकरी, डोळ्यांतले थेंब, सगळं मी करते. तिला ऐकू कमी येतं आणि अलीकडे आठवतंही कमी. सकाळी जेवली की नाही हे तिला सांगता येत नाही. पण ढग गरजले की ते मात्र बरोबर ऐकू येतं, आणि ती खाटेवर उठून बसते.

"लहानीले फोन लाव."

पूर्वी मे महिन्यात दोन-चार वळीव यायचे आणि प्रकरण संपायचं. आता मार्चपासून जे सुरू होतं ते दिवाळीपर्यंत चालतं. चारच्या सुमाराला मोबाईलवर इशारा येतो, तिकडे यावलच्या बाजूला आभाळ काळं होतं, धूळ उडते, केळीच्या बागा आडव्या झाल्याची बातमी येते आणि आमच्या घरात फोन लावावा लागतो. आईचा बटणांचा फोन आहे. मी नंबर लावून, आवाज मोठा करून तिच्या हातात द्यायचा. बहिणीनं आपण होऊन करायचा नाही. आईचा नियमच होता की पायाळूनं विजेत फोनला हात लावायचा तो फक्त आईचा फोन उचलायला. जणू आईच्या फोनातून वीज येणार नव्हती! एरवी रविवारी बहिणीचा फोन यायचा, पण तेव्हा आई तो घ्यायची नाही. "सांगी दे, मी बरी शे," एवढंच. विजेच्या दिवशी मात्र ती पाच-पाच मिनिटं बोलायची आणि बहीण तिकडून "हो माय, बरं माय" करायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी धुळ्याचा फोन लागेना. वीज कडाडत होती, आई रडायला आली होती, मी सात-आठ वेळा लावून पाहिला. शेवटी माझंच डोकं फिरलं. आईचा फोन तिच्या हातात दिला, म्हटलं वाजला की घे. स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि माझ्या मोबाईलवरून आईलाच फोन लावला.

"हां माय, मी घरमाच शे," मी लहानी होऊन म्हटलं.

"लहानी! खिडकीपाशी नको बसू व. पाटवर बस. पाय झाक." आणि मग आवाज खाली आणून, "तुन्हाकरता मन्हा जीव घाबरस व माय."

मी ओट्याला टेकून उभी होते. एकोणसाठ वर्षांची बाई, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि मी खरंच दोन्ही पाय जवळ घेऊन साडीनं झाकले. ती बोलत राहिली. जेवनी का, काय करेल व्हतं, अंगावर घोंगडी शे का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग राहवेना म्हणून स्वतःबद्दलच विचारलं, "आनि अक्का कोठे शे?"

"ती व्हई गच्चीवर," आई म्हणाली. "तिले काय व्हस!"

फोन ठेवून मी गच्चीवर गेले. बिबडे भिजून गेले होते. मला त्याचं काही वाटलं नाही, मी पावसात उभी राहून रडले. त्यात दुःख किती आणि सुख किती हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी धुळ्याचा फोन लागला असता. मी लावलाच नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. मी मोबाईलवरच्या इशाऱ्याची वाट पाहू लागले. बहिणीपेक्षा मी बरी लहानी होते, हे मला म्हणायलाच हवं. ती नुसतं "बरं माय" करायची. मी आईला आज काय भाजी केली ते सांगायचे, तिच्या माहेरची आठवण काढायचे, तिला हसवायचे. जून गेला, जुलै-ऑगस्ट झडीचे गेले, भाद्रपदात पुन्हा विजा सुरू झाल्या आणि आम्ही दोघी पुन्हा बोलू लागलो, ती खाटेवरून आणि मी ओट्यापाशी. फोन झाला की बाहेर येऊन मी विचारायचे, "काय म्हणते लहानी?" आणि आई फुलून म्हणायची, "आते चांगली बोलस माले."

दसऱ्याच्या आधी एका रविवारी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "अक्का, आई माझ्यावर रागावली आहे का गं?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "का गं?"

"मे महिन्यापासून एकदाही फोन नाही. गडगडलं की मी पाट घेऊन बसते, फोन मांडीवर ठेवते. सून हसते मला. पाऊस थांबेपर्यंत बसते अक्का. माझं नाव एकदाही काढलं नाही तिनं?"

लहानपणापासून मी ज्या दिवसाची वाट पाहत होते तो हाच. ती तिकडे वाट बघत होती आणि आई माझ्याकडे होती.

"विसरते गं ती आता," मी म्हटलं.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, आमच्याकडे रडतात तशी, नाक ओढत. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. माझा जळफळाट संपला होता अशातला भाग नाही. पण तिनं पन्नाशी उलटल्यावर एकटीनं पाटावर बसायचं, हे काही मी मागितलं नव्हतं. मी ठरवलं, आता गरजलं की खरा फोन लावायचा.

चौथ्या दिवशी दुपारी गरजलं. आई उठून बसली. मी बहिणीचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन आईच्या हातात दिला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बहिणीनं उचलला.

"माय?" ती म्हणाली. आणि पुढे तिला बोलताच येईना. "माय, माय" एवढंच, आणि हुंदके.

आईनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावला. थोडा वेळ ऐकलं. पलीकडून बहीण कसंबसं म्हणाली, "माय, मी लहानी..."

"रॉंग नंबर शे," आई मला म्हणाली. "कोनी बाई रडी ऱ्हायनी. लहानी अशी नही बोलस."

"माय, तीच आहे. लहानीच आहे ती," मी तिच्या कानाशी ओरडले.

"मन्ही लहानी मी वळखस नही का?" आई चिडली. बाहेर वीज पडल्यासारखी कडाडली. फोन तिनं माझ्या हातात कोंबला. तो चालूच होता. हुंदके थांबले होते. बहीण ऐकत होती.

"लवकर लाव व," आई म्हणाली. "ती वाट दखी ऱ्हायनी व्हई."

 मी बहिणीचा फोन कापला, आईचा फोन तिच्या हातात परत दिला आणि स्वयंपाकघरात गेले.