करप्याचे प्रकार

लग्न होऊन मी जयपूरला आले ती साठ सालाच्या आसपास. हे शेतीखात्यात पिकांच्या रोगांवर काम करायचे आणि त्यांच्याकडे होता भाताचा करपा. जयपूरला भात कुठला? पण म्हणूनच ते काम इथे होतं. करप्याची ठिकठिकाणची बुरशी आणून कुंड्यांतल्या रोपांवर सोडायची. चुकून बाहेर उडाली, तरी आजूबाजूला सगळी बाजरी.

कोकणात माझ्या वडिलांना ह्यांनीच नवं बियाणं दिलं होतं. "ह्याला करपा लागत नाही, अण्णा," असं माझ्यादेखत सांगितलं होतं. दोन वर्षं खाचरं भरून पिकली. अण्णांनी हौसेनं गावभर बियाणं वाटलं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा न कळवताच जयपुरात, टिळकनगरातल्या आमच्या दारात उभे राहिले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लोंब्या त्यांनी ह्यांच्या पुढ्यात ठेवल्या. माना काळ्या पडून मोडलेल्या, दाणे पोचट.

"करपाच ना हा, जावईबापू?"

"करपाच," हे म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

त्या लोंब्यांवरची बुरशी ह्यांनी त्याच बियाण्याच्या रोपांवर सोडली. जयपूरच्या कोरड्या हवेत ती जगावी म्हणून कुंड्यांवर ओली गोणपाटं टाकली. शेजारच्या कुंड्यांवर आधीची, तपासलेली बुरशी. अण्णा रोज ह्यांच्याबरोबर जायचे, स्टुलावर बसून बघायचे. काही दिवसांनी पाहिलं तर शेजारची रोपं हिरवीगार होती आणि अण्णांच्या बुरशीची रोपं डागांनी भरली.

"दिसायला एकच आहे हो," हे म्हणाले. "पण ही निराळी. हिच्यावर आम्ही बियाणं तपासलंच नव्हतं. असे आणखी किती प्रकार असतील, आम्हालाही ठाऊक नाही."

"मग पुढच्या पावसाळ्यात पेरू काय?"

हे गोणपाट उचलून पुन्हा ओलं करायला लागले.

"जुनं बी कुणी ठेवलं नाही," अण्णा म्हणाले. "मीच म्हटलं होतं, आता कशाला हवं!"

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. खाडीपलीकडच्या एका नातलगाकडे थोडं जुनं भात मिळालं, ते गावाला पुरलं नाही. अण्णांना कुणी दोष दिला नाही. फक्त पेरणीच्या आधी सल्ला विचारायला ओटीवर माणसं जमायची, ती जमेनाशी झाली.

ह्यांना पुढे त्या बुरशीचे आणखी प्रकार सापडले. ऑफिसातले लोक घरी येऊन अभिनंदन करायचे. हे त्यांना मिठाई द्यायचे, स्वतः मात्र खायचे नाहीत.